बोलणं नेमकं केलं की टोचणं कमी होतं: घरातली, कामावरची आणि मनातली वाक्यं बदलण्याची रीत

"तू आळशीच आहेस." "तुले कधीच जमणार नाही." "हा पोट्टा काही कामाचा नाही." सकाळी शाळेच्या व्हॅनचा हॉर्न वाजायच्या आधीच्या दहा मिनिटांत नागपुरातल्या कितीतरी घरांतून अशी वाक्यं ऐकू येतात. बोलणारा दुष्ट नसतो. तो घाईत असतो, काळजीत असतो, पुष्कळदा उपाशीही असतो. तरी ते वाक्य ऐकणाऱ्याच्या मनात घर करतं, कारण काय घडलं याबद्दल त्यात एक अक्षर नसतं. असतो तो थेट माणसावरचा निकाल.

असं बोलणं सोडायचं म्हटलं की लोक गोड बोलायला लागतात. ते दोन दिवस चालतं, तिसऱ्या दिवशी दूध उतू जातं आणि जुनं वाक्य तोंडातून निघतंच. म्हणून इथे सांगितलेली रीत गोडव्याची नाही, नेमकेपणाची आहे. काय घडलं, त्यानं काय झालं आणि आता काय हवं, एवढं अचूक सांगितलं की बहुतेक वेळा शब्द आपोआप मऊ होतात. नेमक्या वाक्यात शिवीला जागाच उरत नाही.

आधी वाक्य ओळखायला शिका

मराठीत टोचणाऱ्या वाक्याची सगळ्यात सोपी खूण म्हणजे शब्दाच्या शेवटी लागलेला "च". "तू असाच आहेस", "तिचा स्वभावच तसा", "माझं नशीबच फुटकं". "च" लागला की एका दिवसाची गोष्ट जन्माची होते. त्याच्या जोडीला "नेहमी", "कधीच", "प्रत्येक वेळी" हे शब्द येतात. हे शब्द जवळजवळ कधी खरे नसतात आणि ऐकणाऱ्याला ते लगेच कळतं. मग तो मुद्दा सोडून "मागच्या मंगळवारी मी केलं होतं" हे सिद्ध करत बसतो आणि मूळ काम तसंच राहतं.

दुसरी खूण म्हणजे उत्तर नको असलेला प्रश्न. "डोकं आहे का तुले?" "किती वेळा सांगू?" "काऊन असा करतो बे?" यातल्या शेवटच्या प्रश्नाचं खरंखुरं उत्तर मूल द्यायला गेलं की "उलट बोलतो" म्हणून वर आणखी बोलणं खातं. तिसरी खूण तुलनेची: "त्या समोरच्या घरच्या पोट्टीले पाह्य, ब्याण्णव टक्के घेतले." आणि चौथी, नाव ठेवणं. भैताड, कामचोर, रडकी, जाडी, बह्याड.

इथे एक गैरसमज आधीच काढून टाकू. दयाळू बोलणं म्हणजे पुस्तकी बोलणं नव्हे. "काय बे, जेवला का?" यात जी माया आहे ती "आपण भोजन केलंत का?" यात नाही. "बे", "पोट्टं", "लेका", "काऊन" हे शब्द हाकलून लावायची काहीही गरज नाही. घरात वऱ्हाडी बोलली जात असेल तर बदललेलं वाक्यही वऱ्हाडीतच हवं. नाहीतर ते उसनं वाटतं, मुलं हसतात आणि आठवड्यात सगळं बंद पडतं.

पहिला आठवडा फक्त नोंदीचा

पहिले सात दिवस काही बदलू नका. खिशात मावणारी वही ठेवा किंवा मोबाइलमध्ये स्वतःलाच मेसेज पाठवा. प्रत्येक वेळी तीन गोष्टी लिहा: वाक्य जसंच्या तसं, वेळ, आणि त्याच्या आधी पाच मिनिटांत काय चाललं होतं. वाक्य सुधारून लिहायचं नाही. "मी जरा रागावले" असं लिहिलं तर नोंद वाया गेली. "भैताडा, तुझ्यानं एक काम होत नाही" असंच लिहायला हवं.

आठवड्याच्या शेवटी वही वाचली की एक गोष्ट हमखास दिसते. वाक्यं पुष्कळ वाटतात, पण फिरून फिरून तीच तीन-चार असतात आणि ठरावीक वेळेलाच येतात. शाळेच्या आधी. संध्याकाळी कामावरून आल्या आल्या. महिन्याच्या शेवटी पैशाचा विषय निघाला की. नागपुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा दुपारी दोन ते पाच ही वेळ वेगळी लिहून ठेवण्यासारखी आहे. कूलरचं पाणी संपलेलं असताना मुलाच्या निकालावर बोलायला बसू नये, एवढा साधा निष्कर्ष निघाला तरी अर्धं काम होतं.

त्यातलं एकच वाक्य निवडा. सगळ्यात वाईट नको, सगळ्यात जास्त वेळा येणारं निवडा. चार वाक्यं एकदम बदलायला जाणारा माणूस एकही बदलू शकत नाही, कारण रागाच्या क्षणी डोक्यात चार पर्याय शोधायला वेळ नसतो.

नवं वाक्य बांधायचं कसं

तीन तुकडे लागतात. पहिला, डोळ्याला दिसलेलं किंवा मोजता आलेलं. दुसरा, त्यानं काय अडलं. तिसरा, आता नेमकं काय हवं आणि केव्हा.

"तू आळशीच आहेस" हे घ्या. दिसलं काय? डबा काल रात्रीचा दप्तरातच राहिला. अडलं काय? सकाळी घासायला वेळ गेला. हवं काय? "डबा दप्तरातच राह्यला, म्हणून आता घासत बसले. आजपासून घरी आल्यावर पहिले डबा मोरीत ठेव." वाक्य लांब झालं, हे खरं. पण मुलाला पहिल्यांदाच कळलं की त्यानं करायचं काय. "आळशी"चं त्यानं काय करावं, हे त्याला कधीच कळलेलं नसतं.

तिसरा तुकडा सगळ्यात जास्त वेळा चुकतो. "जरा नीट वाग", "जबाबदारीनं रहा", "मन लावून कर" या मागण्याच नाहीत, कारण त्या पूर्ण झाल्या की नाही हे कोणी सांगू शकत नाही. डोळ्यांना दिसेल अशी कृती मागा. आणि नकार मागू नका. "सांडू नको" म्हणण्यापेक्षा "ग्लास दोन हातानं धर". "पळू नको" म्हणण्यापेक्षा "माझा हात धरून चाल", विशेषतः सीताबर्डीच्या मेन रोडवर. "उशीर करू नको" म्हणण्यापेक्षा "साडेआठला गाडीपाशी ये".

कामावरही हीच रीत चालते. हिंगणा किंवा बुटीबोरीच्या एखाद्या कारखान्यात सुपरवायझर नव्या पोराला "तुझ्यानं होत नाही, कुठून येतात असे लोक" म्हणतो. त्याऐवजी: "काल दहा पेट्यांपैकी चारवर लेबल उलटं लागलं, माल परत आला. आज पहिल्या पाच पेट्या मले दाखवून मग पुढे ने." यात कडकपणा कमी झालेला नाही, उलट वाढला. पहिल्या वाक्यानंतर पोरगा मान खाली घालून तीच चूक पुन्हा करतो, दुसऱ्यानंतर लेबल बघतो. शक्यतो हे बाकीच्यांसमोर बोलू नका. चारचौघांत सांगितलेली नेमकी गोष्टही शिवीसारखीच लागते.

घरी कामाला येणाऱ्या ताईंच्या बाबतीत आणखी एक साधी गोष्ट करा: नाव. "आमची बाई आली नाही" याऐवजी "सुनीताताई आल्या नाहीत". घरातली लहान मुलं तुम्ही काय हाक मारता ते ऐकूनच हाक मारायला शिकतात.

कौतुकातही घोळ असतो

रागावण्याचे शब्द बदलायला लोक तयार होतात, पण कौतुकाकडे लक्ष जात नाही. १९९८ साली क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक यांनी अमेरिकेत पाचवीतल्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. कोडी सोडवल्यावर काही मुलांना "तू हुशार आहेस" म्हटलं, काहींना "तू मेहनत घेतलीस" म्हटलं. पुढे निवड दिली तेव्हा हुशार म्हटलेली मुलं सोप्या कामाकडे वळली. मध्ये अवघड कोडी आल्यावर ती लवकर खचली आणि नंतरच्या सोप्या कोड्यांतही मागे पडली. कारण समजायला कठीण नाही. हुशार असणं ही ओळख झाली की प्रत्येक चूक त्या ओळखीवरच घाला घालते, म्हणून मूल चूक होईल अशा जागी जाणंच टाळतं.

दहावी, बारावी, नीट, जेईई यांच्या धबडग्यात आपल्या शहरातल्या मुलांना "हुशार" आणि "ढ" हे दोनच शिक्के सतत लागतात. दोन्ही काढा. कौतुक करायचं तर कशाचं ते सांगा: "त्रिकोणमितीचं तेच गणित तू तिसऱ्यांदा सोडवलं आणि या वेळी आकृती आधी काढली, म्हणून सुटलं." आणि मूल "मले गणित जमत नाही" म्हणालं तर "जमते रे, तू तर हुशार आहे" असं घाईनं म्हणू नका. "अजून जमलं नाही. कोणता भाग अडून राह्यला, दाखव." यातला "अजून" कामाचा आहे, पण एकटा नाही. पुढचा "कोणता भाग" विचारलाच नाही तर "अजून" ही नुसती सांत्वना होते, आणि मुलांना सांत्वना बरोबर ओळखू येते.

"पण"पासूनही सावध. "निबंध मस्त लिहिला, पण अक्षर बघ" यातला निबंध मुलाला ऐकूच येत नाही. कौतुकाचं वाक्य तिथेच संपवा. अक्षराचं दुसऱ्या दिवशी सांगा.

"टेन्शन" फोडून पाहा

स्वतःशी बोलताना आपण सगळ्यात निर्दय असतो आणि तिथे ऐकणारं, टोकणारं कोणी नसतं. "मी मूर्खच", "माझ्यानं काहीच होत नाही", "सगळं टेन्शन आहे". या शेवटच्या शब्दावर थोडा वेळ द्या, कारण "टेन्शन"मध्ये आपण दहा वेगळ्या भावना कोंबतो आणि मग कशाचंच काही करता येत नाही.

पुढे काय होईल याची भीती असेल तर ती धास्ती. तेच तेच करून जीव थकला असेल तर वैताग. बोलायचं आहे आणि बोलता येत नाही, ती घुसमट. ठरवलेलं झालं नाही, तो हिरमोड. चारचौघांत चूक झाली आणि मान वर करता येत नाही, ते ओशाळणं. प्रत्येकीला उपाय वेगळा लागतो. धास्तीला माहिती लागते: डॉक्टरला काय विचारायचं, बँकेत कोणता कागद लागतो. वैतागाला काम वाटून घ्यायला किंवा अर्धा दिवस सुटी. घुसमटीला मध्ये न बोलता ऐकणारा एक माणूस. हिरमोडाला थोडा वेळ आणि नवी तारीख. सगळ्यांना "टेन्शन घेऊ नको" हे एकच औषध दिलं तर एकही बरी होत नाही.

भावनेला नाव दिल्यानं ती थोडी उतरते, हा काही निव्वळ धीर देण्याचा प्रकार नाही. मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मेंदूच्या स्कॅनमधून दाखवलं की चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द दिला की मेंदूतल्या अमिग्डला या भागाची खळबळ कमी होते. म्हणून "मी मूर्खच" मनात आलं की आधी एवढंच म्हणा: "मले ओशाळल्यासारखं होऊन राह्यलं." मग स्वतःला नावानं हाक मारून पुढचं काम सांगा, जसं एखाद्या मैत्रिणीला सांगाल: "सीमा, आधी लाइटचं बिल बघ. बाकीचं संध्याकाळी." स्वतःचं नाव घेऊन बोलल्यानं ताणाच्या प्रसंगी थोडं अंतर मिळतं, असं ईथन क्रॉस यांच्या २०१४ मधल्या संशोधनात दिसलं आहे. मोठ्यानं म्हणायची गरज नाही.

इथे उलटी चूकही होते. आरशासमोर उभं राहून "मी यशस्वी आहे, मी श्रीमंत आहे" असं म्हणत बसू नका. ज्यावर तुमचाच विश्वास नाही ते वाक्य मन मागे ढकलतं. स्वतःला खरं वाटेल एवढंच म्हणा.

हे शब्द नेमके करा, काही सरळ सोडा

आजाराच्या बाबतीत चुकीचा शब्द नुसता कठोर नसतो, तो चुकीची माहितीही असतो. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पुष्कळ कुटुंबांत आहे आणि "ती सिकलसेलची पोट्टी" असं सर्रास बोललं जातं. एक, "तिले सिकलसेल आहे" म्हणा. माणूस आधी, आजार नंतर. दोन, वाहक आणि रुग्ण यांत फरक करा. आईवडिलांपैकी एकाकडूनच सिकलसेलचं जनुक आलेला वाहक सहसा आजारी नसतो. त्याला "रोगी" म्हणणं चूकच आहे, आणि त्या एका शब्दानं लग्नं मोडतात. काळजी घ्यायची ती दोघंही वाहक असताना, कारण तेव्हा प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून लग्नाच्या बोलणीत "पोट्टी कमजोर आहे का?" हा प्रश्न नको, "दोघांची सिकलसेलची तपासणी झाली का?" हा हवा.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगता मोजली आहे आणि त्यात सिकलसेलही आहे. "लंगडा", "बहिरा", "मंद" हे शब्द हाक म्हणून वापरणं थांबवा. ओळख सांगायची असेल तर गरजेपुरतं सांगा: "त्यांना कमी ऐकू येते, समोर येऊन बोल." त्या व्यक्तीला कोणता शब्द चालतो, हे तिलाच विचारणं सगळ्यात बरं.

"पागलखान्यात टाका याले" हे वाक्य थट्टेत इतकं रुळलंय की ऐकू येईनासं झालंय. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. आपल्या शहरातल्या माणसाला गरज पडली तर उपचार जवळ आहेत, पण या थट्टेमुळे लोक ओपीडीच्या दारापर्यंत जायला वर्षानुवर्षं लावतात. मनोरुग्णालयाला मनोरुग्णालय म्हणा, आणि "याले येड लागलं" याऐवजी "त्याची झोप उडाली आहे, दोन आठवडे झाले जेवत नाही, डॉक्टरले दाखवू" असं बोला.

मुलगी झाल्याच्या बातमीवर "असू दे, पुढच्या वेळी" म्हणू नका. "अभिनंदन, दोघी बऱ्या आहेत ना?" एवढं पुरे. "वांझ", "पांढऱ्या पायाची", "टाकलेली" यांना पर्यायी शब्द शोधूच नका. ती माहिती सांगायची गरजच नसते. जातीचं नाव शिवी किंवा म्हण म्हणून वापरणं हेही याच वर्गातलं. तिथे वाक्य नव्यानं बांधायचं नसतं, तोंडातून काढून टाकायचं असतं. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळानं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. पत्ता सांगताना जुनं नाव जिभेवर येत असेल तर नवं नाव पाठ करून ठेवा.

एक जागा मात्र अशी आहे जिथे ही सगळी रीत बाजूला ठेवायची. कोणी "जगून काय करू", "मी नसतो तर बरं झालं असतं" म्हणालं, तर त्याचं वाक्य सुधारू नका, "असं नकारात्मक बोलू नये" तर मुळीच म्हणू नका. थेट विचारा: "जीव द्यायचा विचार येते का मनात?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही; बोलायला वाट मिळते. एकटं सोडू नका आणि १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर फोन लावून द्या. ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. प्रयत्न होऊन गेला असेल तर "पोलिसांचं लफडं होईल" म्हणून दवाखाना टाळू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ नुसार असा माणूस तीव्र तणावात होता असं धरूनच चालायचं आहे आणि त्याला उपचार देणं सरकारवर बंधनकारक आहे.

चुकून बोललात तर

बोलणार आहात, हे धरूनच चाला. दुरुस्ती त्याच दिवशी, झोपायच्या आधी करा. तीन वाक्यं: "दुपारी मी तुले भैताड म्हटलं. ते चुकलं. मले म्हणायचं होतं की गॅस चालू ठेवून बाहेर गेला, त्याची भीती वाटली." यात "पण तूही" आला की माफी रद्द झाली. ज्यांच्यासमोर बोललात त्यांच्यासमोरच दुरुस्ती करा. मोठ्यानं लहानाची माफी मागितली तर धाक जातो, असं काहींना वाटतं. खरं तर मुलं त्यातून एवढंच शिकतात की चूक झाली की लपवायची नाही, सांगायची.

राग अगदी डोक्यात चढलेला असेल तेव्हा नवं वाक्य आठवत नाही. त्यासाठी एक थांबा ठरवून ठेवा: "मी पाच मिनिटांत येते, मग बोलू." जा, पाणी प्या, चार आकडे मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा, असं पाच-सहा वेळा. आणि परत या. परत न येणारा माणूस थांबलेला नसतो, रुसलेला असतो.

सवय लागायला किती दिवस लागतात? लंडनमध्ये फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात साधी नवी सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, पण माणसामाणसांत १८ ते २५४ दिवस इतका फरक होता. मधला एखादा दिवस चुकला तरी फार बिघडलं नाही, हेही त्यात दिसलं. म्हणून कॅलेंडरवर रोज जुनं वाक्य किती वेळा निघालं तेवढ्या रेघा ओढा. सहा वरून चारवर आलात तर बदल होतोय. दुसरं वाक्य घ्यायचं ते पहिलं दिवसाला एकावर आल्यावर.

मुलांना यात ओढायला मारबतीचा दिवस चांगला. मारबत म्हणजे गावातलं वाईट ते सोबत घेऊन जावं म्हणून नागपुरात मिरवून जाळला जाणारा पुतळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल-इतवारीतून मिरवणूक निघते आणि "घेऊन जा गे मारबत" अशी आरोळी उठते. त्या सकाळी घरातल्या प्रत्येकानं आपला स्वतःचा एक शब्द चिठ्ठीवर लिहून मारबतीसोबत पाठवायचा. दुसऱ्याचा लिहायचा नाही, हा नियम कडक ठेवा.

दुसऱ्यांचे शब्द दुरुस्त करण्याचा मोह सगळ्यात मोठा असतो आणि त्यानंच घरात भांडणं होतात. पंचाहत्तरीच्या आजीला "असं म्हणू नये" सांगून काही साधत नाही. आजी नातीला म्हणाल्या, "काळी पडली पोट्टी उन्हात, कोण करीन इले?" तर आजीला काही बोलू नका. नातीकडे बघून, आजींना ऐकू जाईल असं म्हणा, "आज मैदानावर चार फेऱ्या मारल्या हिनं, मागच्या आठवड्यात दोनच होत नव्हत्या." आणि आजींना विचारा, "आई, तुम्ही शाळेत असताना काय खेळत होत्या जी?"